असुलेखोचं कूळ

बाबांनी कुंचला निळ्या रंगात बुडवला, तेवढ्यात मुलीनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. ते वाक्य लिहू नका."

दवाखान्याच्या भिंतीसाठी बारा फरशांवरचं चित्र काढून झालं होतं. तेराव्या फरशीवर बाबा ते लिहिणार होते, जे चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आले होते: स्पॅनिशमध्ये निळ्याला असुल म्हणतात, त्याचीच लेक असुलेखो, म्हणजे रंगवलेली फरशी. दुपारी फरशी भट्टीत जाणार. मग पुसायची सोय नाही.

"का गं? अक्षर चुकलं का कुठं?"

"नाही. नातं चुकलंय."

आईनं बाबांशी लग्न केलं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. बाबांच्या तोंडून हा शब्द ऐकूनच तिला भाषांचा नाद लागला. आता ती शब्दकोशाच्या कचेरीत होती. तिथे पुराव्याशिवाय कुणाला कुणाचं म्हणत नसत.

"असुलेखो आला अरबी झुलैजवरून. घासून गुळगुळीत केलेला लहान दगड. पोर्तुगीजांनीही तोच घेतला. आणि असुल आला लाजवर्द नावाच्या निळ्या खड्यावरून. दोघांचं एकमेकांशी काहीच नाही." एका दमात बोलून ती स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

बाबांनी कुंचला पाण्यात खळबळवला. पाणी निळं झालं.

"म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांना शेंड्या लावत आलो म्हण की."

"सगळेच फसतात, बाबा. दिसतात ना सारखे."

"तुला कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! आणि गिळून बसलीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात. तोंडच उघडेना माझं."

"वेडी आहेस," म्हणत बाबा हसले. तिचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फरशी पुढ्यात ओढली आणि तिनं सांगितलं तसं एकेक अक्षर ठाशीव लिहिलं.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई चित्र बघायला आल्या. वाचून थबकल्या.

"अहो, तुम्ही तर निळ्याची लेक म्हणायचात!"

"चुकत होतो. नुसत्या चेहऱ्यामोहऱ्यावरून बोलत होतो. हिनं दुरुस्त केलं."

"हुशार आहे हो पोरगी. आणि नाक तर अगदी तुमचंच घेतलंय!"

मुलीनं बाबांकडे पाहिलं.

बाबांनी फरशी दोन्ही हातांवर अलगद उचलली आणि ते भट्टीकडे वळले.

"हो," ते म्हणाले, "आमच्या घराण्यात सगळ्यांचं असंच."