आइलाच्या टेबलावरचं बदक

टप्.

न्हाणीघर अगदी शांत होतं. नळाचा एक थेंब माझ्या डोक्यावर पडला, आणि टबात बसलेलं बाळ खुदकन हसलं. माझी सगळ्यात जुनी आठवण तीच. त्याआधी कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी माझी चोच नारिंगी रंगवली असणार, डोळे रेखले असणार. डावा डोळा जरा वर गेलाय, म्हणजे घाईच असणार. मित्रांनो, मी एक जुनं रबरी बदक आहे. पोटातली शिट्टी केव्हाच बसली. पण ऐकू मला अजून छान येतं, आणि माझं सारं आयुष्य ऐकण्यातच गेलं.

ते बाळ म्हणजे सिल्वी. ती मोठी झाली, कॅनडातल्या थंडर बे शहराच्या बर्फातून शाळेच्या बसने जाऊ लागली, आणि मी टबाच्या कडेला साबणाचे डाग अंगावर घेत पडून राहिलो. वाटलं, संपलं आपलं काम. पण एक दिवस सिल्वीच्या आईने मला घासूनपुसून कोटाच्या खिशात घातलं आणि ऑफिसात नेलं.

सिल्वीची आई, आइला, प्रोग्रामर आहे. तिच्या धंद्यात एक रीत आहे. प्रोग्राम चुकतोय पण चूक सापडत नाही, असं झालं की टेबलावरच्या बदकाला एकेक ओळ समजावून सांगायची. बदकाने काही बोलायचं नाही. सांगता सांगता चूक सांगणाऱ्यालाच दिसते, तो मध्येच थांबतो आणि म्हणतो, “अरेच्चा.” त्या एका शब्दासाठी मी कीबोर्डशेजारी बसून असे.

तिचे साहेब होते लाइल. प्रोग्रामिंगचा एका दुपारचा वर्ग करून आल्यापासून ते स्वतःला मोठे प्रोग्रामर समजत. येता जाता मला टिचकी मारून म्हणत, “काय मग आइला, आज काय म्हणतंय तुझं हे सल्लागार बदक?”

“ऐकून घेतंय,” आइला म्हणायची. “तेवढंच पुष्कळ आहे.”

त्या हिवाळ्यात त्यांच्या ऑफिसने शाळेच्या बससाठी प्रोग्राम बनवला. तापमान उणे चाळीसच्या खाली गेलं की प्रोग्रामने आपोआप बस रद्द करायच्या आणि घरोघरी निरोप पाठवायचा. सिल्वीची बसही त्यातच होती. शुक्रवारी तो सुरू करायचा, असं लाइलसाहेब सगळीकडे सांगून बसले होते. शनिवार-रविवार चूक निस्तरायला कुणी नसतं, म्हणून शुक्रवारी नवं काही सुरू करू नये, हे त्या धंद्यात नवशिक्यालाही ठाऊक असतं. साहेबांना नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आइला मला शेवटचं एकदा सगळं वाचून दाखवत होती. “इथे बाहेरचं तापमान येतं. इथे ते उणे चाळीसशी ताडून बघायचं. आणि ही ओळ...” ती थांबली. “अरेच्चा. ही ओळ कुणी घातली?”

ती तशीच साहेबांकडे गेली. जाताना तिने मलाही मुठीत उचललं.

“ती माझी ओळ,” लाइलसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले. “उणे चिन्ह काढून टाकलं. गिऱ्हाइकाला उणं-बिणं दाखवायचं नसतं गं, मन खट्टू होतं. एका ओळीत काम फत्ते. शिकून घे.”

“अहो, नुसतं पडद्यावरून नाही, हिशेबातूनच गेलंय ते. उणे एक्केचाळीसचे नुसते एक्केचाळीस झालेत. प्रोग्रामला वाटेल, बाहेर कडक ऊन पडलंय. बस रद्दच होणार नाहीत. पोरं रस्त्यावर उभी राहतील.”

“तुझं बदक म्हणालं का असं?”

तेवढ्यात शाळांच्या बसचं काम बघणाऱ्या कोवालबाई बूट झटकत आत आल्या. साहेब हसतच उठले. “या, या. ही आमची आइला. बदकाशी गप्पा मारते बरं का.”

बाईंनी हातमोजे काढले. माझ्याकडे बघितलं, मग आइलाकडे. “असं? मग त्याला जे सांगितलंस ते मलाही सांग. माझा नातू बसने जातो.”

आइलाने मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आधी ती एकेक ओळ दोनदा वाचत होती. मग माझ्याकडे बघून बोलू लागली तशी सरळ पुढे गेली. शेवटी तिने उणे एक्केचाळीस भरले. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: सर्व बस वेळेवर.

ती अक्षरं वाचून कोवालबाई साहेबांकडे वळल्या. “लाइल, आज काही सुरू करायचं नाही. ही मुलगी म्हणेल तेव्हा करू. तोवर आमची माणसं पहाटे उठून घरोघरी फोन करतात, तसेच करतील.”

आइलाने इतका लांब श्वास सोडला की तो मला अंगावर जाणवला. मला तिने कोटाच्या खिशात टाकलं, आणि घरी जाईस्तोवर तिचा हात माझ्यावरच होता.

सोमवारी खरंच तसली थंडी पडली. पहाटे शाळेचा फोन आला: बस बंद. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. काचेपलीकडचा रस्ता रिकामा होता, एकही पोर उभं नव्हतं. सिल्वी पायजम्यातच पॅनकेक खात होती. आइला तिच्याकडे बघत होती, बघतच होती, आणि तिची कॉफी निवून गेली होती.

मित्रांनो, मला शहाणपण विचाराल तर फार नाही. शेजारचं माणूस सांगत असेल तर ते संपेपर्यंत ऐका. आणि आमच्यासारख्या मुक्या सोबत्यांना अधूनमधून धूत जा.

रेडिओ चालू होता. बातम्यांनंतर बसच्या नव्या प्रोग्रामविषयी बोलणं निघालं, आणि ओळखीचा आवाज आला. लाइलसाहेब सांगत होते, “मुलांच्या जिवाचा प्रश्न होता. म्हणून प्रत्येक ओळ मी स्वतः तपासली, चूक पकडली, आणि शुक्रवारी काम मीच थांबवलं.”

सिल्वीचा काटा हवेतच थांबला. शुक्रवारची सगळी गोष्ट तिने आईकडून दोनदा ऐकली होती.

“आई,” ती म्हणाली, “ते खोटं बोलतायत, हे त्यांना माहीत असतं का?”

आइलाने मला खिडकीतून उचलून तिच्या ताटलीशेजारी ठेवलं. “याला पहिल्यापासून सांगून बघ,” ती म्हणाली.