नोंद आढळली नाही

शहराच्या वेबसाईटवर जाऊन आपल्या घराचा परवाना तुम्ही कधी शोधलाय? शोधला असेल तर पुढचं सांगायला नको. गल्ली टाकायची, प्लॉट नंबर टाकायचा, बटण दाबायचं आणि गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचं. चक्र फिरून फिरून दमलं की लाल अक्षरं येतात. नोंद आढळली नाही. बस. पुढे काय करायचं, कुणाला विचारायचं, काही नाही.

मग माणूस मुकाट परवाना विभागाच्या खिडकीवर येतो. तिथे बसायचा नाहीभाऊ. खरं नाव होतं त्याला, पण ऑफिसात कुणी घेत नव्हतं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा 'नाही' म्हणून मोकळा, म्हणून नाहीभाऊ. त्याला राग यायचा नाही, उलट हसायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण वर्षानुवर्षं एकाच खिडकीत बसलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो, नुसती रांग दिसते.

आता गंमत ऐका. गंमत कसली, घोळच. फार पूर्वी शहरातल्या सगळ्या प्लॉटना नवे नंबर मिळाले. दारांवर नव्या पाट्या लागल्या, बिलं नव्या नंबरावर यायला लागली. जुने परवाने मात्र कॉम्प्युटरात जुन्याच नंबराखाली पडून राहिले. म्हणजे जुन्या वस्तीतलं घर नव्या नंबराने शोधलं की हमखास लाल अक्षरं! विभागात हे सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवरच्या जुन्या नकाशात बघायचं, जुना नंबर काढायचा, तो टाकला की परवाना हजर. पण बाहेर सांगायचं नाही. का? तर उद्या जो तो येऊन म्हणेल, माझाही नंबर काढून द्या. कशाला डोक्याला ताप?

एक दिवस रांगेत पाळणाघरवाल्या काकू आल्या. स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या कामावर जाणाऱ्यांची पोरं सांभाळायच्या. कुणीतरी गोंगाटाची तक्रार केली. तपासणीवाल्याने ऑफिसात बसल्या बसल्या वेबसाईट उघडली, लाल अक्षरं बघितली आणि नोटीस धाडली. परवानगी दाखवा, नाहीतर खोली बंद.

"भाऊ, परवानगी घेतलीय हो मी. याच हॉलमध्ये उभं राहून घेतलीय. कागद तेवढा वाळवीने खाल्ला."

"कॉम्प्युटरात काही दिसत नाही."

"नीट बघा ना जरा. आमची गल्ली जुनी आहे."

गल्ली जुनी म्हटल्यावर नाहीभाऊची मान नकाशाकडे वळली. वळली खरी. पण नकाशापुढे कुणीतरी कपाट सरकवून ठेवलेलं, रांग कुरकुरत होती, जेवायची वेळ झालेली. शिवाय साहेबांनी बजावलंच होतं, नवी सिस्टिम येतेय, आता जुन्या नंबरांच्या भानगडीत पडू नका.

"नाही, काकू."

"नाही म्हणजे? सापडत नाही, की नव्हतीच?"

"एकच की ते!"

त्याने 'नोंद नाही' असा शिक्का मारून चिठ्ठी सरकवली. मागून कुणीतरी म्हणालं, "चला काकू, नाहीभाऊंनी निकाल दिला!" रांगेत हशा पिकला. काकू काही हसल्या नाहीत.

नाहीभाऊची मोठी बहीण नर्स. मेहुणे परगावी कामाला, त्यामुळे ती आणि तिची चिमुरडी चिऊ याच्याच घरी राहायच्या. काही दिवसांनी, हा जेवायला बसलेला असताना, ती घरी आली ती पोरीला कडेवर घेऊन, रागाने लाल होऊन.

"काकूंचं पाळणाघर सील केलं. पोरं सगळी पायरीवर बसवलेली, आणि काकू एकेकाच्या आईला फोन लावतायत. आता उद्यापासून हिला कुठे ठेवू मी?"

"कुठल्या काकू?"

"तुझ्या भाचीला रोज कोण भरवतं तेही माहीत नाही तुला? धन्य आहेस!" तिने मोबाईल त्याच्या पुढ्यात धरला. दारावर सीलची पट्टी, शेजारी चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर शिक्का. शिक्का याचाच.

हातातला घास हातातच राहिला.

"ताई, सिस्टिममध्ये नव्हतं गं. मी काय करणार?"

"नव्हतं, की तू बघितलं नाहीस?"

त्याने घास ताटात ठेवला आणि जुन्या-नव्या नंबरांचा घोळ सांगितला.

"वा रे वा! आमच्याकडे पण पेशंटचा रिपोर्ट हरवतो कधीकधी. म्हणून आम्ही सांगतो का, तुला आजारच नाही, जा घरी? शोधतो बाबा. नाहीच मिळाला तर परत तपासणी करतो. गोंधळ आमचा, त्याची शिक्षा पेशंटला कशी देणार? तुमचं मशीन खोटं बोलतं हे तुला माहीत, आणि तरी शिक्का तू मारतोस. मग खोटं कोण बोललं? मशीन?"

सकाळी ऑफिस उघडताच त्याने कपाट खेचून बाजूला केलं. नकाशा बघितला, जुना नंबर टाकला. चक्र एकदाच फिरलं. समोर काकूंची परवानगी! सहीसकट, तारखेसकट! चहा कपात ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता.

तो धावत साहेबांकडे गेला.

"सील लागलं ना? मग अपील करू दे त्यांना," साहेब म्हणाले. "आणि बसा इथेच, नव्या सिस्टिमची मीटिंग आहे."

नव्या सिस्टिमची इंजिनिअर बाई भराभर सांगत होती, "तुमच्या विभागाने ठरवून दिल्याप्रमाणे, ज्या नोंदी कित्येक वर्षांत कुणी उघडल्याच नाहीत, त्या आम्ही बिनकामाच्या धरतोय. नव्या सिस्टिममध्ये घेत नाही, पुसून टाकतो."

साहेबांनी मान डोलावली. पेन काढलं.

"साहेब, सही करू नका!"

सगळ्यांनी वळून बघितलं. नाहीभाऊ उभा होता.

"त्या उघडल्या नाहीत कारण त्या लोकांना सापडतच नाहीत! अख्ख्या जुन्या वस्तीचे परवाने आहेत ते. आज निदान जुन्या नंबराने मिळतात. पुसले तर आपलं खोटं उद्या खरं होईल. तिथलं प्रत्येक घर बेकायदा!"

"जुने नंबर?" इंजिनिअर बाई चक्रावली. "हे मला कुणी सांगितलंच नाही. कुणाकुणाला माहीत होतं हे?"

"सगळ्यांना. पहिल्यापासून."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं. त्यांनाही माहीत होतंच ना!

सगळ्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये आल्या, जुना-नवा नंबर एकमेकांना जोडून आल्या. आता काही सापडलं नाही तर पडद्यावर येतं, 'आम्हाला नोंद सापडलेली नाही. परवानगी नव्हती असा याचा अर्थ नाही. खिडकीवर या, आम्ही शोधून देऊ.' हे वाक्य नाहीभाऊने भांडून घातलं.

काकूंच्या अपिलाला मात्र कित्येक महिने लागले. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तेव्हा परवानगीची प्रत घेऊन तो स्वतः त्यांच्या घरी गेला. पुढच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. भिंतीवर रंगवलेली बदकं होती आणि त्यांच्या गळ्यापर्यंत कुरियरची खोकी रचलेली.

"पोरं गेली दुसरीकडे. त्यांच्या आया तरी किती थांबणार?" काकू म्हणाल्या. "घर चालवायला खोली भाड्याने दिली."

"काकू, चुकलं माझं. ही घ्या परवानगी."

त्यांनी प्रत हातात घेतली, उलटसुलट बघितली.

"तू चिऊचा मामा ना रे?"

"हो."

"चिऊ माझ्याकडे नसती, तर शोधली असतीस?"

नाहीभाऊने नजर भिंतीवरच्या बदकांकडे वळवली. काकूंनी प्रत त्याच्याच हातात ठेवली आणि खोक्यांवरची धूळ झटकायला लागल्या.

मित्रांनो, नवी सिस्टिम आली, चांगलंच झालं. पण जुनी सिस्टिम चुकतेय हे माहीत असूनही गप्प बसणारे आपण सगळे तिथेच आहोत, कुणी खिडकीच्या आत, कुणी खिडकीबाहेरच्या रांगेत हसायला. मशीनला सापडलं नाही म्हणून समोरच्याला खोटं ठरवू नका. उठा, शोधा. आणि आपल्या भाचीचं पाळणाघर बंद होईपर्यंत थांबू नका. प्रत्येक पोर कुणाची ना कुणाची तरी भाची असतंच!