भावोजींच्या हाती लागलेला कार्डांचा अल्बम

मित्रांनो, लग्नाचे फोटो पाहायला मला उघडले असेल तर तुमचा हिरमोड होईल. मी एक जुना, काळ्या रेक्झिनचा अल्बम आहे खरा, पण माझ्या खिशांत व्हिजिटिंग कार्डे आहेत, चांगली एकशे बारा. माणसे मी फार जवळून पाहिली आहेत, म्हणून माणसांबद्दल माझे मत चांगले नाही.

कारखान्यातून माझ्यासारखे हजार अल्बम निघाले. मी आलो एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या बाईकडे. तिथल्या सभागृहात वर्षातून दोनदा सायबर सुरक्षेवाल्यांचे संमेलन भरे. गळ्यात पट्टे अडकवलेली ही मंडळी पत्ते वाटावेत तशी कार्डे वाटत, "संपर्कात राहू" म्हणत, आणि संध्याकाळी सफाईवाल्या मावशी तीच कार्डे सुपली भरून उचलत. असल्या ओळखींची मला किळस येते.

माझी मालकीण मात्र एकेकाशी नीट बोले. पाहुण्यांची माहिती काढायला लबाड फोन कसे येतात, ते ती सांगे. समोरच्याने काय शिकायला सांगितले, ते कार्डामागे बारीक अक्षरात लिही, आणि शिकून झाले की त्याला कळवी. सहा वर्षे, वर्षातून दोनदा, प्रत्येकाला वेगळे पत्र. तिला सायबर सुरक्षेच्याच कामात शिरायचे होते, परीक्षाही दिल्या होत्या, पण नोकरीचा शब्द तिने कधी काढला नाही. घरचे हसत. मीही हसायचो, खोटे कशाला बोलू?

मग हॉटेलने स्वागतकक्षात यंत्र बसवायचे ठरवले आणि तिची नोकरी तीन महिन्यांपुरती उरली.

आता भावोजी. तिचे धाकटे दीर. सगळे ओळखीवर चालते असे छाती फुगवून सांगणार, आणि यांना शेजारीसुद्धा ओळख देत नाहीत. वहिनी भिडस्त आहे, आपणच हालचाल केली पाहिजे, असे त्यांच्या डोक्यात आले. ती कामावर गेल्यावर त्यांनी मला उघडले आणि तिच्याच संगणकावरून एकशे बारा जणांना एकच मजकूर धाडला: 'तातडीचे. माझी माहिती पाहण्यासाठी इथे दाबा.' खाली लिंक. लबाडांचे असले निरोप पकडण्यावर ज्यांचे पोट चालते, त्यांनाच हा निरोप. एवढे अकलेचे दिवाळे मी दुसरे पाहिले नाही.

ती घरी येईपर्यंत तिचा ईमेल निम्म्या कंपन्यांनी अडवला होता. सहा वर्षे दोन तासांत धुळीला मिळाली. भावोजी म्हणाले, आपण चांगल्यासाठीच केले, आणि चहा मागितला.

ती मला मांडीवर घेऊन पहिल्या कार्डापासून फोन लावत सुटली. तो निरोप उघडू नका, तो माझ्या घरून गेला, संगणक मी उघडा टाकला होता, असे प्रत्येकाला सांगू लागली. दिराचे नाव घेतले नाही. मला तिचाही राग आला.

काहींनी ऐकून न घेताच फोन ठेवला. तेहतिसावे कार्ड एका मोठ्या रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्या बाईंचे होते.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही आजवर तातडीचं काही लिहिलं नाहीत, आणि मागितलं तर काहीच नाहीत. स्वतःची चूक असं फोन करून सांगणारं माणूस मला आमच्याकडे मिळत नाही." मग म्हणाल्या, "आता मागा."

मालकिणीने नोकरी मागितली. उरलेले एकोणऐंशी फोनही केले, त्यानंतर.

आज ती त्या रुग्णालयात आहे. वहिनीला मीच चिकटवलं, असे भावोजी चारचौघांत सांगतात. ती ऐकून घेते, माझ्याने ऐकवत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, अशी विनवणी मी करणार नाही. कुणाचे कार्ड तुमच्याकडे पडून असेल तर त्याला आज दोन ओळी लिहा, आणि काही मागू नका. तेवढे जमणार नसेल, तर पुढच्या वेळी कार्ड घ्यायला हातच पुढे करू नका.