सूर्याची चाहूल घेणारा चुंबक

मित्रांनो, लाल रंगाचे पोपडे उडालेला, बोटभर लांबीचा जुना चुंबक म्हणजे मी. दिसायला साधा आहे, पण सूर्यावर गडबड झाली की मला कळतं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यातला. १९६८ साली सूर्यकांत आजोबा वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून कॅनडाला निघाले, तेव्हा मी त्यांच्या पायमोज्यात बसून आलो. तिथल्या स्कारबरोच्या घरात मला मानाची जागा मिळाली, फ्रिजचं दार. ग्रोसरीची यादी, शाळेच्या नोटिसा, सगळं मी घट्ट धरून ठेवलं. मग स्टेनलेस स्टीलचा नवा फ्रिज आला. त्याच्या दाराला मी चिकटेचना. झालं, माझी रवानगी बेसमेंटमधल्या खणात. सोबतीला वाकडे स्क्रू, तेही सगळे मलाच लटकलेले.

२०१५च्या फेब्रुवारीत आजोबांची नात गौरांगी हिने मला बाहेर काढलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने मला बेसमेंटमध्येच रेशमी दोऱ्याने काचेच्या बरणीत टांगलं आणि पाठीवर आरशाचा तुकडा चिकटवला. त्यावरून दिव्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा. सौरवादळ आलं की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं, मी केसभर वळतो आणि ठिपका चांगला बोटभर सरकतो.

अशा वादळात रात्री उत्तरेच्या आकाशात रंगीत ध्रुवीय प्रकाश उमटतो, म्हणून पहिल्यांदा ठिपका सरकला तेव्हा गौरांगीने सगळ्यांना तो बघायला कुडकुडत तळ्यावर नेलं. आकाशात काही नव्हतं. घरी आल्यावर कळलं, आईने बर्फ काढायचं लोखंडी शोव्हल बरणीशेजारी टेकवून ठेवलं होतं. मी त्याच्याकडेच वळलो होतो. त्यानंतर घरात माझ्यावर आणि गौरांगीवर कुणाचाच विश्वास उरला नाही.

सतरा मार्चला मात्र मी दुपारपासून अस्वस्थ होतो. ठिपका डावीकडे जाई, लगेच उजवीकडे येई.

"आई, आज जायचंच," गौरांगी म्हणाली.

"उद्या शाळा आहे. आणि मागच्या वेळी माझं नाक गोठलं होतं," आई, म्हणजे नीलिमा, म्हणाली.

"शोव्हल गराजमध्ये आहे. आय चेक्ड. ट्वाइस."

आजोबांनी गौरांगीची वही हातात घेतली. दर दहा मिनिटांचा आकडा तिने लिहिला होता.

"नीलिमा, शोव्हलमुळे ठिपका एकदाच सरकतो, असा नाचत नाही. एकोणनव्वद साली अशाच वादळाने अख्ख्या क्वेबेकची वीज घालवली होती. त्या रात्री मी ड्यूटीवर होतो आणि खिडकीबाहेर एकदा बघितलंसुद्धा नाही. गाडी काढ."

मी बरणीतच राहिलो. माझं काम चालू होतं ना.

ते परतले तेव्हा गौरांगी एका श्वासात सांगत होती, आधी पांढुरका पट्टा, मग हिरवे पडदे, वर गुलाबी कड. आजोबा नुसते हसत होते. नीलिमा बूट न काढताच खाली आली. वही पुढे ओढून तिने ठिपक्याचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला, वेळेसकट.

मित्रांनो, जुन्या चुंबकाला आपटू नका, तापवू नका, त्याने आमचा जोर जातो. आणि एका चुकीवरून कुणाला खणात टाकू नका. त्याने पुन्हा नीट तपासून पाहिलं असेल, तर टोपी-हातमोजे चढवा आणि गाडीत बसा.