लिगायाच्या न्हाणीघरातला वजनकाटा

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवताना माणसे श्वास रोखून धरतात, जणू श्वासाचेच वजन जास्त! मी आहे एक जुना वजनकाटा. पोटात स्प्रिंग, वर काच आणि काचेखाली तांबडा काटा. कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटले होते, खरे बोलणाऱ्याला जगात मान असतो. पण ज्या घरी गेलो तिथे लोकांनी माझ्यावर उभे राहून तोंडे वाकडी केली. एका बाईंनी तर लाथच मारली. शेवटी कॅनडातल्या विनिपेग शहरात एका चर्चच्या तळघरात, जुन्या सामानाच्या बाजारात, मी धूळ खात पडलो.

तिथून मला लिगायाने उचलले. ती शहराची बस चालवते. तिला ल्युपस आहे. या आजारात शरीराचे पहारेकरी घरच्यांवरच उलटतात. तिच्या बाबतीत ते मूत्रपिंडांवर उलटले होते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला बजावले होते, "दोन-तीन दिवसांत वजन चढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी. लगेच फोन करायचा. उशीर केलास तर मूत्रपिंडं हातची जातील."

तेव्हापासून रोज न्याहारीआधी ती माझ्यावर उभी राहायची, आकडा बघायची आणि "बरं" म्हणून दात घासायला वळायची. ना उसासा, ना रुसवा. मला शिव्या न घालता कुणीतरी बातमी विचारत होते. मी अगदी सुखावलो.

मग तिची आई, नानाय, फिलिपिन्सहून राहायला आली. रविवारी जेवायला नातेवाईक जमले. गोळ्यांमुळे लिगायाचा चेहरा गोल झाला होता. नेनिता मावशी दारातूनच म्हणाल्या, "अगंबाई, किती सुटलीस! बसच्या दारातून मावतेस ना?"

त्यांच्याकडे ख्यालीखुशाली विचारायची हीच रीत. लिगाया हसून म्हणाली, "मावते, मावशी. तुमच्यासाठी मात्र दोन्ही दारं उघडावी लागतील."

नानाय हसली नाही. लेक रोज सकाळी काट्यावर चढते हे तिने पाहिले होते. पोर टोमण्यांनी झुरते आहे, उपाशी राहते आहे, असे ती धरून चालली. दुसऱ्याच दिवशी तिने मला टॉवेलात गुंडाळून कपाटात खोक्यामागे लपवले. मग ती लेकीला हौसेने खाऊ घालू लागली. रस्सा, मासे आणि भांड्यात गुपचूप पातीसची धार. पातीस म्हणजे मासे मुरवून काढलेला खारट रस, आणि मिठाने अंगात पाणी साठते म्हणून लिगायाला तर मीठ जपून खायचे होते. जेवण खारट लागे, पण आईचे मन मोडवेना म्हणून ती खात राहिली.

तिने मला शोधलेही. "असेल कुठंतरी," नानाय म्हणायची. कपाटात मी चडफडत होतो. बातमी देणारा मी, आणि माझ्यावर पाय ठेवायला कुणी नव्हते.

एके संध्याकाळी मोजे काढताना लिगायाने नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"नानाय, खरं सांग, काटा कुठंय?"

"कशाला हवा तो मेला? छान दिसतेस तू."

"दिसण्याचं कुणाला पडलंय? अंगात पाणी भरलं की तो मला आधी सांगतो. माझी मूत्रपिंडं त्याच्या भरवशावर आहेत."

नानाय कपाटाकडे वळली. "मला वाटलं, तू जाडीपायी झुरतेस."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मला बाहेर काढले. काटा कितीतरी पुढे गेला. लिगायाने लगेच फोन लावला, आणि सकाळी तपासण्या होऊन गोळ्या बदलल्या. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं."

नानाय रडू लागली. "माझ्या पातीसनं केलं हे."

"एकट्या पातीसनं नाही. आजारानंच डोकं वर काढलं होतं," लिगाया म्हणाली. "मला सांभाळायचंय ना? मग माझ्यासोबत सांभाळ. परस्पर काही करू नकोस."

महिनाभरात काटा मागे आला. आता सकाळी नानाय दाराबाहेरून विचारते, "काय म्हणतो गं?" लिगाया आकडा सांगते, मगच चूल पेटते.

मित्रांनो, घरात कुणी असा आजार सांभाळत असेल तर त्याची वस्तू हलवण्याआधी त्याला विचारा. नानायच्या मनात लेकीविषयी मायेशिवाय काहीही नव्हते, आणि त्या मायेनेच लेकीची मूत्रपिंडे जवळजवळ घालवली होती.