पोळ्याची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. इतका जुना, की माझा पहिला रंग कोणता होता हे आता मलाही नीट आठवत नाही. जामनेरकडच्या केळीच्या बागांत माझी उमेदीची वर्षं गेली. नवा होतो तेव्हा हार पडले. मग माझ्याहून नवा आला आणि मी बांधाला लागलो. तीन पावसाळे कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली.

धुळ्याजवळच्या एका गावच्या पितांबरभाऊंनी मला विकत घेतलं, ते टायर बघून. टायर चांगलेच होते. इंजिनाचंही विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जन्मभर बैल पाळलेला माणूस. शेवटची जोडी विकून रिकाम्या झालेल्या गोठ्यात त्यांनी मला उभं केलं आणि वर्षभर शिकत शिकत खोललं, जोडलं. दोनदा उलटं जोडलं. त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, दारातूनच बजावून ठेवलं होतं, "आते बिघडना तं भंगारमा."

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी सुरू झालो.

पोळ्याला गावचे बैल नदीवर गेले. भाऊंनी मला अंगणात घेतलं आणि बैलासारख्याच डोक्यावरून बादल्या ओतल्या. माझा सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून उभा. पाणी थेट पोटात गेलं. मला सांगता येईना.

वाजंत्री दाराशी आली. भाऊंचा चुलतभाऊ लोटन बैल धरून हसला, "चाल ना भाऊ. का तुना बैल बठी गया?"

भाऊंचा हात किल्लीवर गेला. मित्रांनो, पोटात पाणी असताना सेल्फ मारला, तर आतला दांडा वाकतो. मग माझी जागा भंगारात, आणि भाऊंचं वर्ष माझ्यासोबत.

शेवंताबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि माझ्या वर तोंड केलेल्या सायलेन्सरकडे बोट दाखवलं. "थांबा. बैलना डोकावर पानी टाकं तं वाही जास. हाऊ पी लेस."

भाऊंनी मिरवणुकीकडे पाहिलं. बैलांशिवायचा त्यांचा हा पहिलाच पोळा. मग त्यांनी किल्ली काढली आणि पाना आणला. डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढून, भोकं मोकळी ठेवून माझं इंजिन फिरवलं. दोन भोकांतून नुसती हवा आली, तिसऱ्यातून पाण्याची चिळकांडी उडाली ती शेवंताबाईंच्या नव्या लुगड्यावर.

"नवसनी आंघोय शे ही," पदर पिळत त्या म्हणाल्या.

पाणी झिरपलेलं तेल बदलून घेऊन मी मारुतीच्या पारापाशी पोचलो, तेव्हा बैल घरी जाऊन पुरणपोळी खात होते. पारावर शेण, गुलाल आणि आम्ही तिघं. शेवंताबाईंनी माझ्या दिव्यावर कुंकू लावलं.

मित्रांनो, मी दमलोय. माया करणारे मला पुष्कळ भेटले, पण घाईच्या वेळी हात आवरणारे थोडेच. उद्या ट्रॉली जोडलीत तर ओढीन. तेवढं, किल्ली फिरवायच्या आधी एकदा तेलाची पट्टी ओढून आत पाणी नाही ना, ते बघत जा.