लहानीचं औषध

"हिची मोठी बहीण हैदराबादले रिसर्च करते. हिचंच औषध शोधून राहिली ती," हिरालाल शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला सांगत होता. "दोन-चार वर्षं लागतील. पण निघल म्हणजे निघलच."

बाई गोंदियाकडची होती. भिलाईच्या परक्या इस्पितळात मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून ती मन लावून ऐकत होती. खाटेवर दुर्गा डोळे मिटून पडली होती. हाताला सलाइन लावलेलं होतं. मांडीतली कळ उठली की ती दात दातांवर घट्ट दाबायची, ओरडायची मात्र नाही. ओरडून दुखणं कमी होत नाही, उलट बाबूजी बाहेर जाऊन रडतात, हे एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिला पुरतं ठाऊक झालं होतं.

रत्नमाला दारात कधी येऊन उभी राहिली ते हिरालालला कळलं नाही. तार मिळताच ती निघाली होती. नागपूरला गाडी बदलून दुर्ग आणि तिथून टेम्पोनं थेट इस्पितळ. खांद्यावरची बॅगही तिनं उतरवली नव्हती. बापाचं बोलणं तिनं सगळं ऐकलं होतं.

"घ्या, नाव काढलं अन् आलीच!" हिरालाल हरखून उठला. "हीच माही मोठी. डॉक्टर होणार आहे. सुईवाली नाही, शोधवाली."

रत्नमाला कसनुशी हसली आणि बहिणीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली.

हिरालाल मूळचा तिरोड्याकडचा. भिलाईत भट्ट्या पेटल्या त्या दिवसांत भरती होऊन आला आणि रेल मिलच्या टेस्टिंगमध्ये लागला. रेल्वेच्या रुळाचा तुकडा दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवायचा, वरून टनाहून जड घण सोडायचा आणि रूळ तुटतो की नुसता वाकतो ते बघायचं, हे त्याचं काम. त्याला त्यात कधी थोरवी वाटली नाही आणि कंटाळाही आला नाही. संसार रेषेत चालला होता. दुर्गा वर्षाची झाली तेव्हा तिचे हातपाय सुजले आणि ती दिवसरात्र रडायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, सिकलिंग आहे, रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आईबाप दोघांकडून आलंय.

तेव्हापासून घरात दोन भाषा झाल्या. इस्पितळात सिकलिंग म्हणायचं, समाजात वात म्हणायचं. "पोट्टीले वात आहे," कौसल्या, म्हणजे हिरालालची बायको, नातेवाइकांना सांगायची. रत्नमाला शिकत गेली, एम.एस्सी. झाली, हैदराबादला गेली. पहिल्या सुट्टीत ती म्हणाली, "प्रोटीनवर काम करते." हिरालालनं इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलं, की सिकलिंग कशात होतं. ते म्हणाले, रक्तातल्या एका प्रोटीनमध्ये. बस्स. एवढ्यावर त्यानं आपल्या मनात सगळी इमारत उभी केली, आणि हळूहळू सारं घर त्यात राहायला गेलं.

त्या संध्याकाळी दुर्गाला झोप लागली तेव्हा बापलेक चहा प्यायला खाली उतरले. टपरीच्या बाकावर रत्नमाला एकदम म्हणाली, "बाबूजी, मी औषध नाही बनवत."

"आता नाही, समजते मले. पुढं बनल."

"पुढंही नाही. माझ्या कामाचा दुर्गाच्या बिमारीशी संबंध नाही."

हिरालालनं चहावर फुंकर मारली. "मंग इतके वर्षं काय करून राहिली तू?"

"प्रोटीन म्हणजे माळ समजा. मणी ओवलेले असतात एकामागं एक. त्यातला एक मणी काढायचा, दुसऱ्या जातीचा घालायचा अन् पाहायचं, काम चालते का बंद पडते. मंग पुढचा मणी. असे दोन हजार बदल केले आमच्या लॅबनं, एकाच प्रोटीनमध्ये. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. पण काही जागा अशा असतात, का हात लावला की सारंच बंद. त्या जागा कोणत्या अन् कावून, हे आम्ही शोधतो."

"मुद्दाम बिघडवता?"

"बिघडवल्याशिवाय समजत नाही ना. तुम्ही रूळ तोडून पाहता तसं."

हे त्याला चटकन समजलं, आणि समजलं म्हणूनच फार लागलं. "रूळ लोखंडाचा राहते," तो म्हणाला.

"आमचंही काचेच्या थाळीतच असते, बाबूजी. माणसाचं नाही. एका विषाणूचं प्रोटीन आहे ते."

हिरालालनं रस्त्याकडे पाहिलं. शिफ्ट सुटली होती, सायकलींची रांग लागली होती. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "लहानीले सांगू नको."

रत्नमाला पेला परत द्यायला उठली.

आठवड्यानं दुर्गा घरी आली. क्वार्टरच्या मागच्या अंगणात ऊन घेत ती खाटेवर बसली होती. कौसल्या तांदूळ निवडत होती, हिरालाल दाढी करत होता. दुर्गानं विचारलं ते अगदी सहज, भाजी काय करू विचारावं तसं.

"ताई, माझं औषध कुठपर्यंत आलं? सच बता. बाबूजींना नको पाहू, माझ्याकडे पहा."

रत्नमालानं बापाकडे पाहिलंच. त्याच्या गालावर साबण तसाच होता. त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"मी औषध बनवत नाही, दुर्गा," ती म्हणाली.

"मग कोणीतरी बनवतच असेल ना. तुम्ही लोक शेकडो मणी बदलता, तू मागे सांगितलं होतं. माझे किती बिघडले आहेत?"

"एकच. सहावा."

"बस, एक?" दुर्गा हसलीच. "इतक्यांत एक! तो पहिल्यासारखा करून टाका ना."

"थाळीतल्या जंतूत करता येते. तुझ्या अंगात रक्त रोज नवं तयार होते, हाडाच्या आत. तिथपर्यंत पोचायचं कसं, हे कोणालेच माहीत नाही अजून."

"कधी माहीत होईल?"

"नाही सांगता येत."

"मी आहे तोपर्यंत?"

कौसल्याचा हात सुपात थांबला. रत्नमालानं नजर वळवली नाही. "मले नाही वाटत," ती म्हणाली.

हिरालालनं वस्तरा भिंतीवर फेकला. "याच्यासाठी शिकवलं तुले? बहिणीच्या तोंडावर तिचं मरण सांगाले? एक खोटं बोलली असती तं जीभ झडली असती का तुही? उद्याच्या गाडीनं जाय! अन् मी बोलावल्याशिवाय येऊ नको!"

"बाबूजी, ताईला कावून बोलता?" दुर्गा म्हणाली. "विचारलं मी." मग ती भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन झोपली.

रत्नमाला दुसऱ्या दिवशी गेली. स्टेशनवर पोचवायला कौसल्याच गेली.

हिरालालला वाटलं होतं, पोरगी आता हाय खाणार. झालं भलतंच. चार दिवसांनी दुर्गा न्हाऊन, वेणी घालून त्याच्या समोर उभी राहिली. "बाबूजी, सुपेल्याच्या बाजारात टायपिंगची क्लास आहे. मला लावून द्या."

"थोडी ताकद येऊ दे, मंग पाहू."

"ताकद येत नाही, बाबूजी. आता तर माहीत झालं ना."

हिरालालला एकेक आठवू लागलं. कॉलेजचं नाव काढलं, तर औषध निघाल्यावर. सायकल शिकायची म्हटलं, तर औषध निघाल्यावर. मैत्रिणींबरोबर नागपूरला जायचं म्हटलं, तर तेही औषध निघाल्यावर. दहावीनंतरची सारी वर्षं पोरगी घरात बसून होती, आणि ती बसवलेली होती त्यानं, मायेनंच.

तो लुना काढून तिला सुपेल्याला नेऊ लागला. बाजारातल्या गर्दीतून, भांड्यांच्या आणि वेल्डिंगच्या दुकानांमधून वाट काढत एका अरुंद जिन्याखाली उतरवायचा. ती कठडा धरून, मध्ये थांबत वर जायची. सुजलेली बोटं काही दिवस टाइपरायटरची की दाबू द्यायची नाहीत. अशा दिवशी ती नुसती बसून दुसऱ्यांचं पाहायची. पण शिकली. पुढं कोर्टाच्या कामाचे कागद टाइप करून देणाऱ्या रंभाबाईंकडे बसू लागली. संध्याकाळी येऊन कौसल्याला बाजारातल्या गमती सांगायची. एकदा रंभाबाईंकडच्या बायकांबरोबर ती नागपूरलाही जाऊन आली. परतल्यावर चार दिवस तापानं फणफणली, पण तापातही हसून म्हणाली, "आई, तिथली संत्री आपल्याकडच्यापेक्षा आंबट निघाली."

हिरालाल हे सगळं बघत होता. ड्यूटीवर जायचा, यायचा, बोलायचा कमी. मोठीशी तर एक शब्दही बोलला नाही. रविवारी कौसल्या आणि दुर्गा पीसीओवर जाऊन हैदराबादला फोन लावायच्या, तेव्हा तो बाहेर लुनाजवळ उभा राहायचा. एकदा दुर्गानं फोन त्याच्याकडे धरला. त्यानं तो घेतला नाही.

जानेवारीत थंडी वाढली. दुर्गाच्या छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, करण्यासारखं सगळं केलं. दुपारी, कौसल्या तिच्या पायांना तेल चोळत असताना, चोळता चोळताच पाय गार लागायला लागले. कौसल्या तशीच चोळत राहिली. शेवटी हिरालालनंच तिचे हात धरले.

शिवनाथ नदीच्या काठी सगळं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी रत्नमाला पोचली. बोलावणं हिरालालनंच पाठवलं होतं. ती ओसरीत भिंतीला टेकून बसली. रडली नाही, पाणीही प्यायली नाही. हिरालाल बऱ्याच वेळानं तिच्याजवळ येऊन बसला.

"मी तुह्यावर रागच आहो अजून," तो म्हणाला.

"माहीत आहे, बाबूजी."

"तू सांगितलं नसतं, तं ते वाट पाहत बसली असती अन् वाट पाहतच गेली असती. हेही समजते मले. पण राग जात नाही. काय करू?"

रत्नमालानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यानं ते दूर केलं नाही.

पुढच्या वर्षी तिच्यासाठी स्थळ आलं. बालाघाटकडचे मारोतराव, त्यांचा धाकटा मुलगा दुर्गजवळच्या रसमड्याच्या कारखान्यात इंजिनिअर. मध्यस्थी होती बेबीताईंची. त्या कौसल्याच्या चुलत बहीण, समाजातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवलेली. पाहुणे यायच्या आधी त्यांनी दोघांना बजावून ठेवलं, "दुर्गाचं विचारलं तं निमोनिया सांगा. बाकी तोंडातून काढू नका."

रत्नमाला सुट्टी काढून आली होती. बघणं झालं, मुलगा समजूतदार वाटला, पोहे आले. मारोतराव बशी हातात घेत म्हणाले, "तुमची लहानी गेली म्हणे. कशानं गेली?"

"निमोनिया," बेबीताई झटकन म्हणाल्या. "थंडी बाधली हो."

हिरालालनं घसा साफ केला. "सिकलिंगनं गेली," तो म्हणाला.

बेबीताईंनी त्याच्याकडे पाहिलं ते पाहिलंच. तो थांबला नाही. "माह्यात अर्धं आहे, माह्या बायकोत अर्धं आहे. लहानीत दोन्हीकडून आलं म्हणून ते गेली. मोठीतही अर्धं आहे. तिनं सोताच तपासून घेतलं. तिले त्रास नाही, होणारही नाही. पण तुमच्या पोराचं रक्त तपासून घ्या, मारोतराव. त्याच्यात नसंल तं काही भेव नाही. असंल, तं मीच हे लग्न करत नाही. मी पाहिलं आहे."

रत्नमाला खाली बघत होती. तिच्या पापणीवरून पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलं नाही. मारोतरावांनी बशी खाली ठेवली. "कळवतो," ते म्हणाले, आणि सगळे उठले. जाताना मुलानं वळून एकदा नमस्कार केला.

"तुमचं तं घर बुडालंच," दारात बेबीताई म्हणाल्या, "पण आता साऱ्या खानदानाच्या पोरींचे रिश्ते तोडले तुम्ही!" खानदानानं तो राग काढलाच. त्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण हिरालालला आलं नाही. कौसल्यानं घेऊन ठेवलेलं आहेराचं लुगडं तसंच पेटीत राहिलं. रत्नमाला हैदराबादला परत गेली. मारोतरावांनी काही कळवलं नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी दारावर थाप पडली. हिरालालनं दार उघडलं तर मारोतराव. एकटेच नव्हते, खांद्यावर दीडएक वर्षाची मुलगी निजली होती, रडून रडून थकलेली.

"मोठ्या पोराची पोरगी आहे," ते म्हणाले. दारातच उभे होते, नजर जमिनीवर. "हातपाय सुजले हिचे. रात रात रडते. गावचा डॉक्टर म्हणते, वात आहे."

हिरालालनं पोरीचा हात हळूच उचलून पाहिला. फुगलेली बोटं, ताणून चमकणारी कातडी. त्यानं शर्ट चढवला.

इस्पितळात चिठ्ठी कुठं काढायची, रक्त कुठं द्यायचं, कोणत्या बाईचा हात हलका आहे, हे त्याला पाठ होतं. सुई टोचताना मारोतरावांनी तोंड फिरवलं, म्हणून पोरीला हिरालालनंच धरलं. ती किंचाळली आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसून हुंदके देत राहिली.

"दुपारी मिळल रिपोर्ट," तो बाहेर येऊन म्हणाला.

दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मारोतरावांनी पोरीला घ्यायला हात पुढं केले. पण ती झोपली होती आणि हलवली तर पुन्हा दुखलं असतं.

"राहू द्या," हिरालाल म्हणाला, आणि तिचे सुजलेले पाय मोकळे राहतील अशा बेतानं त्यानं मांडी जरा रुंद केली.